चौथ्या पायाखाली

आमच्या स्वयंपाकघरात माठाखाली एक घडवंची आहे. देवदारी, कंबरेएवढी उंच, आणि एका माठासाठी भलतीच दणकट. आलागेला हमखास विचारतो, "एवढं काय हो हिच्यावर ठेवायचं होतं?" मी म्हणतो, "असंच, हौस म्हणून केली." बायको तोवर दुसऱ्या खोलीत गेलेली असते.

ती माशांच्या पेटीसाठी केली होती.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहत होते, त्यांतल्या एकात मला फिटरचं काम लागलं होतं. राहायला रावेतला, एका शेतकऱ्याच्या घरामागची मातीच्या जमिनीची खोली. रावेत तेव्हा पवनेकाठचं साधं खेडं होतं. घरात मी, आई आणि नुकतीच लग्न होऊन आलेली बायको. बायको कोकणातली, खाडीकाठची. मी सायकलवर टांग टाकली की दिवसभर त्या दोघीच. आई वाईट नव्हती, पण माणसावर एकदा शिक्का मारला की तो पुसायची नाही. पहिल्याच महिन्यात सुनेच्या हातून कंदिलाची काच फुटली. मग लोणच्याच्या बरणीचा काठ उडाला. आई म्हणाली, "हिच्या हाताला काच टिकत नाही." झालं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगून झालं, आणि बायकोचे हात खरोखरच कापायला लागले.

त्या सुमारास कारखान्यातले एक साहेब बदलून गेले. त्यांच्या बंगल्यातली माशांची काचेची पेटी कुणी न्यायला तयार होईना. मी मागून घेतली. घरमालकाच्या बैलगाडीत पेंढा पसरून ती रावेतला आणली. घरमालक वाटभर हसत होता.

"मासं पाळनार? आन् खानार कवा, राव?"

"खायचे नाहीत, बघायचे."

"बगायचं? मंग नदीवर जाऊन बगा की! तिथं घडवंची बी लागत न्हाई."

घडवंची मात्र लागणारच होती. पेटी भरली की किती जड होईल याचा मी विचार करत बसलो होतो. बायकोनं पेटीला वीत लावून पाहिली आणि म्हणाली, "सहा घागरी. सहा बायकांच्या डोक्यावरचं ओझं ज्यावर राहील, असं करा." लग्नानंतर पहिल्यांदाच ती मला काही करायला सांगत होती.

यंत्रं ज्या देवदारी खोक्यांतून यायची त्यांच्या फळ्या कारखान्याच्या फाटकाशी स्वस्तात मिळत. जाड दांडे बघून निवडले. खिळे उपटून, ठोकून सरळ केले आणि तेच वापरायचे ठरवले. करवत, पटाशी, गुण्या गावातल्या सुताराकडून मागून आणले. नुसते खिळे मारून भागणार नव्हतं, म्हणून प्रत्येक पायाला खाच पाडली आणि आडवा दांडा त्यात बसवला, म्हणजे भार खिळ्यांवर न येता लाकडावर यावा. खाली चौफेर एक पट्टी, वर दोन जादा आडव्या. तीन पाय बरोबर उतरले. चौथा कापताना करवत आत मोडून राहिलेल्या खिळ्यावर गेली. ती सुटावी म्हणून मी थोडं वरून कापलं, आणि पाय बोटभर आखूड झाला.

बाकीचे तिन्ही तेवढेच कापायला हवे होते. पण खाचा पाडून झाल्या होत्या, अंगणात माणसं बघत उभी होती, आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आला. घडवंची खोलीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली, आखूड पायाखाली देवदाराचीच एक पाचर सारली आणि भोवती शेणमाती लिंपून टाकली. कुणाला दिसली नाही.

मग परीक्षा. घरमालक, त्याचे दोघे भाऊ आणि शेजारचा एक पैलवान असे चौघे वर चढून बसले. कुणीतरी शेंगा आणल्या. टरफलं खाली पडत होती आणि पैलवान मुद्दाम बूड आपटत होता.

"हलती का?"

"न्हाई बा. हिच्यावर लगीन लावा!"

बायको दारातून बघत होती. पदर तोंडाला लावून हसत होती.

पेटी चढली. वाळू, गोटे आणि नदीतले बोटाएवढे चंदेरी मासे तिनंच आणले. दुपारी कामं आटोपली की ती पेटीसमोर बसायची आणि त्यांना भाताची शितं घालायची. संध्याकाळी मी आलो की कोण कुणाला ढुशा देतो ते सांगायची. पेटीची काच पुसायला ती मुळीच घाबरत नसे. आई एकदा म्हणाली, "ही काच बरी टिकली!" म्हणण्यात खोच होती, पण म्हणाली.

जमीन दर आठवड्याला सारवावी लागे. एकदा बायकोनं विचारलं, "अहो, त्या कोपऱ्यातल्या पायाशी हाताला काहीतरी लागतं. तिथे सारवू ना?"

मी म्हणालो, "काही नाही. खुशाल सारव."

ती सारवत राहिली. शेणपाणी त्या पाचरीत दर खेपेला मुरत गेलं. एका रविवारी मी अंगणात सायकल पुसत होतो. आतून कड् असा आवाज आला आणि मागोमाग पाणी उंबऱ्यावरून बाहेर आलं. आत बायको शेणानं माखलेले हात तसेच धरून बसली होती. पेटीची काच कोपऱ्यातून उभी तडकून निखळली होती. मासे सारवणावर तडफडत होते.

"माझाच धक्का लागला," ती म्हणाली. "कोपर लागलं असणार."

आई म्हणाली, "मी सांगतच होते."

बायकोनं मासे तांब्यात गोळा केले आणि ती नदीकडे पळाली. आई झाडू आणायला गेली. मी वाकून पाहिलं. पाचर मऊ होऊन मातीत दबली होती, पाय खाली आला होता. मी ती उपटली आणि चुलीत टाकली. ओली होती, बराच वेळ धुमसत राहिली. बायको परत आली तेव्हा चुलीपाशी धूर होता. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

त्यानंतर तिनं काचेला हात लावला नाही. कंदिलाची काच रोज संध्याकाळी मी पुसायचो. बायकोची कामं करतो म्हणून शेजारी हसत, आणि मला ते हसणं बरं वाटे. वाटायचं, फिटतंय. पुढे वीज आली आणि तीही सोय गेली. आई शेवटच्या आजारातसुद्धा औषधाची बाटली सुनेच्या हातात देऊ नका म्हणायची. मग मुलीही म्हणायला लागल्या, "आईकडे देऊ नका, फोडेल." लाडानं म्हणायच्या. ती हसायची.

गेल्या महिन्यात थोरलीनं काचेचे पेले आणले. बायकोनं ते लांबूनच पाहिले. मुली बाहेर गेल्यावर मी सगळं सांगितलं. आखूड पाय, पाचर, चूल.

तिनं माठ उतरवला, घडवंची आडवी केली आणि चारही पायांना आळीपाळीनं हात लावला. आखूड पायाखाली आता फरशीचा तुकडा असतो. तो मीच ठेवलेला.

"पेटीचं काही नाही," ती म्हणाली. "सासूबाई होत्या तोवर सांगायचं होतं."

मी तो फरशीचा तुकडा उचलून हातात धरला.

"त्या मला काचा फोडणारीच समजून गेल्या." तिनं घडवंची उभी केली. "आता मुलींना सांगा. माझ्यासमोर."

त्या रात्री जेवताना सांगितलं. शेवटपर्यंत सांगितलं. धाकटी काहीतरी चेष्टेनं बोलणार होती, थोरलीनं तिला गप्प केलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती उठली, नव्या पेल्यांतला एक घेतला, माठातलं पाणी भरलं आणि उभ्यानंच प्यायली. दोन्ही हातांनी धरला होता, आणि हात कापत होते.