वहीतले लाल गोल

रातभर झोपली नाही मी, माह्या हातून चूक झाली म्हणून.

मी आमगावात दाताच्या दवाखान्यात नंबर लावते. डॉक्टरनं दोन सॉफ्टवेअर पाहाले आणले, म्हणाले, "तुले जमन तेच घेऊ." वही घरी नेऊन, लेकरू मांडीवर घेऊन म्या तिच्यातले सारे नावं दोन्हींत चढवले. पण रक्त पातळ करायची गोळी खाणाऱ्याच्या नावाले वहीत लाल गोल आहे. त्याले दोन्हींत जागाच नाही, अन् म्या ते सांगितलं नाही.

आज कामठ्याची आजी एकटीच दात काढाले येऊन बसली आहे. म्हणते, "मी गोळीगिळी खात नाही वो." सारेच असं म्हणतात. गोल म्या त्यांच्या सुनांले इचारून केले होते.

शेवटी डॉक्टरले गोलाचं सांगितलं, तं म्हणाले, "वही आण, मंगच हात लावीन."

सकाळी येताना वही भाऊच्या टेम्पोत राहिली, तो कोहमाऱ्याकडे गेला. गाडीवर असला का माहा फोन उचलत नाही, म्हणते तू लय बोलतेस.

त्याचा नंबर आपल्या ह्या ग्रुपवर आहे. ज्यानं वाचलं त्यानं माह्या भाऊले फोन लावा. म्हणा, आजीच्या नावाले लाल गोल आहे का, तेवढं पाहून सांग.