लाल पेन्सिलीतलं साल

कोणतीही वस्तू हातात आली की निमकरकाका आधी ती उलटी करत. आम्ही नवरा-बायको देश सोडून अर्विंगला आलो, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो. माझ्या सासूबाईंनी पुण्याहून निघताना दिलेल्या गोड्या मसाल्याची पुडी शुभाने त्यांच्या हातात ठेवली. काकांनी पुडी उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “कधीचा?”

शुभा गोंधळली. “आईने निघायच्या आधी केला. म्हणजे, जुलैत.”

काकांनी शर्टाच्या खिशातून लाल पेन्सिल काढली, पुडीवर ‘जुलै’ लिहिलं, पुढे साल लिहिलं आणि मगच ती काकूंकडे दिली. काकू म्हणाल्या, “मनावर घेऊ नका हं. लग्नात मंगळसूत्रसुद्धा उलटं करून बघितलं होतं यांनी.”

अर्विंगमध्ये तेव्हा आपली माणसं कमी होती. किराणा मिळायचं एकच दुकान होतं आणि तिथली डाळ कधी आली हे दुकानदारालाही सांगता येत नसे. काका त्याला विचारत आणि तो बिचारा हसून विषय बदलत असे. देशातून बोटीने येणारी वर्तमानपत्रं त्यांच्याकडे दीड महिन्याने पोचत. वाचून झालं की ते मथळ्याशेजारी लाल पेन्सिलीने ती छापल्याची तारीख टाकत. “बातमी तेव्हा खरी होती,” ते म्हणत. “आज आहे की नाही, ते तिथल्या माणसाला विचारायचं.” प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला कुणी म्हणालं की इंडियात हे मिळत नाही, ते मिळत नाही, की काकांचा प्रश्न ठरलेला असे: “तू शेवटचा कधी गेला होतास?” त्यांची मुलगी लीना तेव्हा हायस्कुलात होती. मैत्रिणींसमोर ते दुधाचा डबा उलटा करायला लागले की ती कळवळून म्हणे, “बाबा, इट्स जस्ट मिल्क!”

देशात ते दारूगोळ्याच्या एका कारखान्यात तपासनीस होते. इथे एका यंत्रांच्या कारखान्यात नोकरी करत होते आणि मी त्याच कारखान्यात इंजिनिअर होतो. त्यांचा डिप्लोमा होता, माझं एम. एस. झालं होतं. हे सांगायचं कारण पुढे येईल.

त्यांचा छंद पिस्तूल नेमबाजीचा. आपल्या लोकांत तो कुणालाच नव्हता, त्यामुळे त्याबद्दल थोडी चेष्टा आणि थोडी भीती होती. विकतची काडतुसं ते वापरत नसत. झाडल्यावर उरलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करून घरी आणत, साफ करत, त्यांत ठिणगी पाडणारी नवी टोपी, मोजलेली दारू आणि वर गोळी बसवत. गराजमध्ये त्यासाठी एक टेबल होतं, टेबलावर हाताने दाबायचं यंत्र आणि एक लहानसा तराजू. दर गुरुवारी संध्याकाळी मी तिथे जाऊन बसू लागलो आणि त्यांनी मला ते काम शिकवलं. प्रत्येक डब्यावर ते चिठ्ठी चिकटवत: तारीख, दारूचं नाव, वजन, आणि ते वजन कोणत्या सालच्या पुस्तकातून घेतलं ते साल. साल लाल पेन्सिलीने.

किती दारू घालायची याचे तक्ते छापलेली पुस्तकं मिळतात. काकांकडे ती पाच-सहा होती, वेगवेगळ्या वर्षांची. मी एकदा विचारलं, “जुनी टाकून का देत नाही?”

“जुनं म्हणून टाकू नये आणि छापलंय म्हणून मानू नये,” ते म्हणाले. “तीन पुस्तकं शेजारी ठेवायची. ज्यात सगळ्यात कमी लिहिलंय, तिथून आणखी खाली उतरायचं. मग एकेक पायरी वर चढायचं. आणि पुंगळी बाहेर निघायला अडली, की थांबायचं. तिथे हुशारी करायची नाही.”

मीही रिव्हॉल्व्हर घेऊन त्यांच्या नेमबाजीच्या क्लबात जाऊ लागलो. त्या वर्षी क्लबात लोखंडी ताटल्या पाडायची स्पर्धा सुरू झाली. काकांच्या तक्त्याने भरलेली माझी काडतुसं सौम्य होती. गोळी बरोबर लागायची, ताटली डुगडुगायची आणि उभीच राहायची. रॉय नावाचा एक जाडजूड माणूस क्लबची व्यवस्था बघायचा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, “मोहन, तुझी गोळी आधी परवानगी मागते का रे?” सगळे हसले. काकाही हसले. मला ते लागलं.

पुढच्याच आठवड्यात घरातलं जुनं सामान विकायच्या एका गराज सेलमध्ये मला एक जुनं पुस्तक मिळालं. त्यात त्याच नावाच्या दारूचा तक्ता होता आणि आकडा काकांच्या आकड्यापेक्षा बराच वर होता. आधीच्या मालकाने त्या आकड्यासमोर पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. मी पुस्तक घेऊन थेट काकांकडे गेलो.

त्यांनी ते उलटं केलं, आतलं साल शोधलं आणि मुखपृष्ठावर लाल पेन्सिलीने १९६१ लिहिलं.

“वाचायला छान आहे. भरायला नको.”

“पण काका, कंपनीने छापलंय. खोटं कसं असेल?”

“खोटं कोण म्हणतंय? त्या दिवशी, त्या माणसाने, त्या डब्यातली दारू त्या बंदुकीत घालून जे मोजलं, ते लिहिलं. तू तिथे होतास का? तेव्हा तांब्याचा तुकडा किती चेपला त्यावरून दाब ठरवायचे. आता विजेच्या यंत्रावर क्षणाक्षणाचा दाब दिसतो. जे त्यांना दिसलंच नाही ते पुस्तकात कुठून येणार? आणि डब्यावर नाव तेच आहे म्हणून आतली दारू तीच असते, असं नाही रे. बनवणारे बदलतात, बनवायची रीत बदलते. गोळी बदलते, टोपी बदलते.”

“मग ही खूण? त्याने वापरलंय की.”

“खूण करणारा आता कुठे आहे, ते विचारलंस का?” असं म्हणून ते हसले आणि पुस्तक परत दिलं.

मी मनात म्हटलं, डिप्लोमावाल्याची ही भीती आहे. हे मी त्या वेळी शब्दशः म्हटलं होतं, म्हणून तसंच लिहितो.

त्यानंतर काका-काकू चार दिवस ऑस्टिनला गेले, लीनाचं कॉलेज बघायला. झाडांना पाणी घालायला घराची चावी माझ्याकडे होती. मी त्यांच्या टेबलाशी बसलो आणि त्यांच्या यंत्रावर, त्यांच्या तराजूवर, १९६१च्या आकड्याने पन्नास काडतुसं भरली. रिकामा डबा त्यांचाच घेतला. त्यावर त्यांची चिठ्ठी होती, त्यांच्या अक्षरात. मी ती काढली नाही. नंतर काढू, असं वाटलं.

ते परतल्यावर एका दुपारी एकटाच क्लबात जाऊन मी त्यातली बारा झाडली. ताटल्या धडाधड पडल्या. पण पुंगळ्या माझ्या रिव्हॉल्व्हरमधून निघेनात. लाकडी काडीने ठोकून एकेक बाहेर काढली, तेव्हा टोप्या चेपून सपाट झालेल्या दिसल्या. दाब फार झाला, हा त्याचा अर्थ मला ठाऊक होता. बाकीची काडतुसं उकलून दारू काढून टाकायची, असं मी ठरवलं. उकलायचं यंत्र काकांच्याच गराजमध्ये होतं, म्हणजे त्यांना सांगावं लागलं असतं. डबा माझ्या पिशवीतच राहिला.

पुढच्या शनिवारी स्पर्धा होती. काका आणि रॉय यांचे गुण सारखे झाले आणि पुन्हा एक फेरी ठरली. काकांची काडतुसं संपली होती. ते माझ्या पिशवीशी आले. त्यांना डबा दिसला, डब्यावर त्यांचंच अक्षर होतं.

“मोहन, हा माझा डबा तुझ्याकडे कसा रे? यातली सहा घेतो.”

आमच्यामध्ये दोन हातांचं अंतर होतं. रॉय शेजारीच उभा होता.

“घ्या,” मी म्हणालो.

स्वतःचं अक्षर होतं म्हणून असेल, त्यांनी डबा उलटा केला नाही आणि कधीचं आहे हेही विचारलं नाही. त्यांचं रिव्हॉल्व्हर जुनं होतं, माझ्यापेक्षा हलक्या बांधणीचं. दोन गोळ्या ठीक गेल्या. तिसरीचा आवाज वेगळा होता. नेहमीच्या आवाजाला कुणी मान वळवत नाही, त्या आवाजाला सगळ्यांनी वळवली. रिव्हॉल्व्हरचा वरचा भाग उडून गेला होता. डोळ्यांवर संरक्षक चष्मा होता, पण एक तुकडा त्याच्या कडेखालून आत शिरला. त्यांचा उजवा डोळा गेला.

त्यांना गाडीत घालून नेलं तेव्हा मी सामान गोळा केलं. डब्यात बत्तीस काडतुसं उरली होती. ती मी घरी नेली, जुन्या तेलात आठवडाभर बुडवून ठेवली आणि कचऱ्यात टाकली. त्यातलं एक जरी उकलून आतली दारू कुणी तोलली असती, तरी सगळं कळलं असतं.

रॉयने फुटलेलं रिव्हॉल्व्हर पाहून सांगितलं की एका पुंगळीत दोनदा दारू पडली असणार. क्लबच्या पत्रकात तसं छापून आलं, काकांच्या नावासकट, इतरांनी काळजी घ्यावी म्हणून.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी काकांनी मला बोलावलं. काकू चहा करायला आत गेल्या.

“उरलेली कुठे आहेत रे? तोलून बघू.”

“गडबडीत कुठे गेली कळलं नाही, काका.”

मग ते म्हणाले, “गुरुवारी भरताना तू समोर बसायचास. मी कधी दोनदा टाकली का रे? तुला दिसलं का?”

मी म्हणालो, “लक्ष नव्हतं माझं. पडलीही असेल.”

त्यांनी मान हलवली. “पडली असेल,” ते म्हणाले. चहा आला. आम्ही चहा घेतला.

डोळा गेल्याचं दुःख त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण आपण चुकलो, यावर त्यांचा विश्वास बसला. महिन्याभरात त्यांनी टेबल, यंत्र, तराजू सगळं देऊन टाकलं. दुसरा डोळा चांगला असूनही ड्राइव्ह करणं बंद केलं. गॅस बंद केला का, हे काकूंना उठून बघायला लावत. औषधाच्या गोळ्या मोठ्याने मोजत आणि लीना घरी असली तर तिला पुन्हा मोजायला सांगत. “माझी मोजणी गेली रे,” एकदा मला म्हणाले, हवा कशी आहे हे सांगावं तसं. कारखान्यात त्यांनी तपासणीचं काम सोडून भांडारातलं काम मागून घेतलं. मी त्याच इमारतीत होतो. दुपारी आम्ही एकत्र डबा खात होतो. माझं तोंड चालत होतं, चव कळत नव्हती. ती चव पुढे कधी परत आली, हेही मला सांगता येणार नाही.

दोन वर्षांनी सासूबाईंकडून पुन्हा मसाला आला. आमच्या कपाटात आधीची एक जुनी पुडीही शिल्लक होती, वास गेलेली. मी मुद्दाम ती जुनी घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकांनी पुडी हातात घेतली, “वा, शुभाला थँक यू सांग,” म्हणाले आणि सरळ कपाटात ठेवून दिली. उलटी केली नाही. मी दाराशी उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी ते गेले, झोपेत, हृदय बंद पडून. काकूही आता नाहीत. शुभा गेली तिलाही तीन वर्षं झाली. हे तिलाही माहीत नव्हतं.

लीना आता स्वतः साठीकडे आली आहे. बाबांच्या आठवणींचं एक छोटं पुस्तक ती इथल्या मराठी मंडळातल्या लोकांसाठी काढते आहे. तिने मला फोन केला. “मोहनकाका, दुधाच्या डब्याचं लिहा ना. मसाल्याचं लिहा. आय नो, ते डोळ्याचं लिहू नका, प्लीज. त्यांना ते आवडलं नसतं.”

मी हे सगळं लिहिलं आणि गेल्या रविवारी तिला फोनवर वाचून दाखवलं.

मग तिने विचारलं, “कधीपासून माहीत होतं तुम्हाला?”

“त्या दिवसापासून.”

“वी थॉट वी वर लूझिंग हिम,” ती म्हणाली. “आई त्यांना डॉक्टरकडे नेत होती, काका. मेमरीच्या टेस्ट करायला. त्यांना काही झालेलं नव्हतं. नथिंग.”

तिने माफ केलं नाही आणि मीही माफी मागितली नाही. तो शब्द काढायचा हक्क मला वाटला नाही. फोन ठेवायच्या आधी ती एवढंच म्हणाली, “छापते मी हे. आणि खाली डेट घाला.”

म्हणून नीट लिहितो. त्या दिवशी फुटलेलं काडतूस मी भरलं होतं, १९६१च्या पुस्तकातून. निमकरकाकांनी ते वापरू नको म्हणून सांगितलं होतं. त्यांनी भरलेल्या एकाही पुंगळीत कधीही दोनदा दारू पडली नाही. त्यांची मोजणी शेवटपर्यंत बरोबर होती.

खाली आजची तारीख घातली आहे. घरात लाल पेन्सिल नव्हती, ती विकत आणली.