एका बटणात तीन फाइली

व्हिल्यारिका गावातल्या आमच्या रेडिओवर ग्लाडिस ओव्हेलार बातम्या स्पॅनिशमधून इथल्या ग्वारानी भाषेत आणते. मूळ बातमी, तिचं भाषांतर आणि बावीस वर्षं जमवलेली शब्दांची यादी, अशा तिच्या तीन फाइली. एक उघडली की दुसरी बंद व्हायची. शब्द डोक्यात धरून ती फाइल बदलत असताना कुणी हाक मारली, की खेकसायची, "पळवलास ना माझा शब्द!"

काल तिने खटपट करून संगणकावरच्या एडिटरच्या सेटिंगमध्ये स्वतःच चार ओळी लिहिल्या. आज सकाळी, तेरेरे या थंडगार काढ्याचा एकच पेला मी भरून देत आमच्यात फिरत असताना, तिने एक बटण दाबलं. तिन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या!

"धन्यवाद रे माझ्या राजा!" ती पडद्याकडे बघून ओरडली आणि त्याच झपाट्यात रिकामा पेला माझ्या हातात कोंबला.

पेला परत देताना आभार मानले, की आमच्याकडे 'मला पुरे' असा अर्थ. मी तो पुढच्याला भरून दिला. बाहेर ऊन रखरखत होतं. तीन फेऱ्या झाल्या, तिला थेंब नाही.

"अरे मेल्या, मी मशीनला म्हणाले!"

"मग मशीनकडेच माग की! दाब बटण, तीन पेले येतील."