आर्मेनियाची गाय

सास्तूरचा गुंडाप्पा बैलाचं तोंड उघडून दात बघतो तेवढ्या वेळात परदेशी पिक्चर चांगला का वाईट ते सांगतो, असं लोक त्याच्या माघारी बोलतात. ते खरं नाही. पिक्चरला तो पुरे दोन-अडीच तास देतो. बैलाला मात्र खरंच तेवढाच वेळ लागतो.

गुंडाप्पा हेडी आहे. जनावरांच्या बाजारात घेणारा आणि विकणारा यांच्या मधे उभं राहायचं, दोघांनाही चार शब्द सुनवायचे आणि सौदा जमवून द्यायचा, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. बाकीचे हेडी जनावराची खोड झाकतात. गुंडाप्पा ती आधी बोलतो. हा मारका आहे, हा उन्हात बसतो, हिचा एक सड बंद आहे, आता पटत असेल तर दावं हातात घ्या. एकदा विकणाऱ्यानं त्याच्यापासूनच खोड लपवली आणि बैल नव्या मालकाच्या शेतात नांगर ओढता ओढता बसला. गुंडाप्पानं कुणाशी वाद घातला नाही. तो बैल आणून स्वतःच्या दावणीला बांधला आणि मरेपर्यंत पोसला. तेव्हापासून बाजारात त्याच्या जबानीवर लोक जनावर चालवून न बघता नेतात.

पिक्चरचा नाद लागला तो एका गोऱ्ह्यामुळं. त्यानं लाथ घातली, गुंडाप्पाचा गुडघा गेला आणि तीन महिने बाजेवर काढायची पाळी आली. पुण्यात शिकणारी पुतणी निकिता बघायला आली होती. काका दिवसभर आढ्याकडं बघतो म्हणून तिनं त्याच्या मोबाइलवर परदेशी पिक्चरचं ॲप टाकून दिलं आणि स्वतःचाच पासवर्ड घातला. तिला वाटलं, आठ दिवसांत कंटाळेल. गुंडाप्पाचं इंग्रजी दहावी नापासाचं. खाली येणारी ओळ वाचेपर्यंत पुढची ओळ हजर व्हायची. त्यामुळं ज्या पिक्चरमधे माणसं कमी बोलतात तेच त्याला पुरे कळायचे. आणि असले पिक्चर कुठले असतात, तर ज्यांना परदेशात बक्षिसं मिळतात आणि जे बघायला कुणी जात नाही ते. असा तो नेमका थोरामोठ्यांच्या आवडीला जाऊन पोचला.

गावात त्याला जोडीदार मिळाले. शंभुलिंग गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, सिनेमावरची पुस्तकं वाचणारे. शुभांगी, सरकारी फॉर्म भरून द्यायचं केंद्र चालवणारी. शिवपुत्र, मोटार वाइंडिंगवाला. ॲप निकिताचं, पण पासवर्ड चौघांचा. दर रविवारी दुपारी समाजमंदिरात शाळेच्या जुन्या प्रोजेक्टरवर एक पिक्चर, आणि महिन्यातून एकदा ज्याची पाळी त्यानं नवा सुचवायचा.

सुचवायची रीत गुंडाप्पानंच घालून दिली: खोड आधी. ग्रुपवर त्याचा आवाज यायचा, ‘फिनलंडचा हाय. एक माणूस बर्फात भोक पाडून मासा धराय बसतो. शेवटपर्यंत मासा लागत न्हाय. ही खोड. पटलं तर बगा.’ तो बघून शुभांगी म्हणाली, तेवढ्यात तिनं सासूच्या निराधार योजनेचा अख्खा फॉर्म भरला आणि मान वर केली तर माणूस तिथंच बसलेला. गुंडाप्पानं सांगितलं, मासा लागला असता तर त्यानं पिक्चर सुचवलाच नसता. पोर्तुगालचा एक होता, दोन बहिणी एकाच घरात मधे पडदा लावून राहतात. त्यावर चर्चा सुरू झाली ती गुंडाप्पा आणि शिवपुत्राच्या शेतांमधल्या बांधावर जाऊन पोचली, आणि गुरुजींना दोघांच्या मधे बसावं लागलं.

गुण द्यायची रीतसुद्धा बाजारातलीच. आधी सगळे गुरुजी काय बोलतात ते ऐकायचे आणि तेच बोलायचे. म्हणून गुंडाप्पानं खांद्यावरचा रुमाल काढला. पिक्चर संपला की ज्यानं त्यानं रुमालाखाली त्याची बोटं दाबायची, जितके गुण तितकी बोटं. एकाचं दुसऱ्याला कळत नाही. गुरुजींचं मत एकटं पडायला लागलं ते तेव्हापासून.

यंदा तुळजापूरहून निरोप आला. तिथले विष्णुपंत, बँकेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, स्वतःचं सिनेमामंडळ चालवतात. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की सास्तूरला एक हेडी आहे. त्यांनी कळवलं, आम्ही आठजण येतो, तुमच्या पसंतीचा एक पिक्चर दाखवा. पटला तर पुढच्या वर्षी आमच्या मंडळाचे पिक्चर निवडायला तुमचा माणूस घेऊ. गुरुजींना फ्रान्सचा दाखवायचा होता. गुंडाप्पानं आर्मेनियाचा धरला आणि चौघांच्या बोटांत आर्मेनिया निघाला.

दोन वर्षांपूर्वीचा पिक्चर. डोंगरातली एक म्हातारी. घरात आंधळा नवरा आणि दारात एक तांबडी गाय. म्हातारी गाय विकायला चार दिवस चालत खालच्या बाजारात जाते आणि तशीच गाय घेऊन चार दिवस चालत परत येते. संपला. गुंडाप्पानं तुळजापूरच्या ग्रुपवर बोलून पाठवलं होतं, ‘यात फसवणूक न्हाय. एक बाई, एक गाय. शूटिंगची माणसं गाईमागं वर्षभर फिरली तवा हे निघालं. ही माझी जबान.’

शनिवारी दुपारी गुरुजी आणि तो समाजमंदिरात प्रोजेक्टर लावून बघत होते. खिडक्यांना पोती लावली, भिंतीवर धुतलेलं धोतर ताणलं. गुरुजींनी आवाज तपासायला सुरुवातीचा थोडा भाग लावला, मग पुढं पळवून शेवटचा. पहिल्या भागात गाईचं तोंड भिंतभर दिसलं. शेवटच्या भागातही दिसलं. गुंडाप्पा खुर्चीतून उठला, भिंतीपाशी गेला आणि गुरुजींना म्हणाला, मागं घ्या.

पहिल्या गाईचा भोवरा, म्हणजे कपाळावर केस गोल फिरतात ती खूण, दोन डोळ्यांच्या बरोबर मधे होता. शेवटच्या गाईचा चांगला चार बोटं वर, शिंगांच्या मुळाशी. रंग तोच, शिंगं तशीच, गळ्यातली घंटासुद्धा तीच. पण गाय दुसरी होती. मोबाइलच्या तडकलेल्या काचेवर हे दिसलं नव्हतं, आणि त्यानं जबान देऊन टाकली होती.

गुरुजींनी त्याची समजूत घातली. शूटिंगमधे एक गाय आजारी पडली असेल, दुसरी आणली असेल. सिनेमात असं चालतं. भोवरा कोण बघतं?

“म्या बघितला की,” गुंडाप्पा म्हणाला.

“तुम्ही बघितला, बाकी कोण बघणाराय? गप बसा. विष्णुपंतांपुढं आपणच आपली नाचक्की करून घ्यायची का?”

“बाजारात असंच म्हणतेत, गुरुजी. कोण बघणाराय म्हणून. मग आठ दिवसांनी जनावर दारात परत येतं.”

त्या रात्री तो नेहमीसारखा जेवला, नेहमीसारखा झोपला. ठरलेल्या गोष्टीवर जागत बसायची त्याला सवय नाही.

रविवारी तुळजापूरची जीप आली. विष्णुपंत सुती झब्बा घालून, वही घेऊन उतरले. गावातली तीसएक माणसं जमली होती. त्यात शेजारची मथुरामावशी होती. सत्तरीची, दोन गाई बाळगून असलेली. तिला वाचता येत नाही, पिक्चरमधलं बोलणंही कळत नाही, पण समाजमंदिरातला पंखा चांगला म्हणून ती दर रविवारी यायची आणि भिंतीला टेकून बसायची. दोन वर्षांत ती एका पिक्चरवर एक अक्षर बोलली नव्हती.

गुंडाप्पा उभा राहिला. त्यानं रामराम घातला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

“पिक्चरच्या खोडी सांगतो. पहिली चाळीस मिनिटं कोण बोलत न्हाय. बाजारात गेल्यावर बाजार धड दावत न्हायेत, एका ट्रककडंच बघत बसतेत. आन् तिसरी खोड माझी हाय. म्या जबान दिली हुती की गाय एकच हाय. गाय दोन हायेत. मधे कुठंतरी बदलली. म्या बारक्या काचेत बघून बोललो, ती माझी चूक. आता कुणाला उठून जायचं आसंल तर च्या पिऊन जावा.”

कुणी उठलं नाही. गुरुजींनी कपाळाला हात लावला. विष्णुपंत चष्म्यावरून बघत म्हणाले की, हे आधी सांगून तुम्ही पिक्चरची मजाच घालवलीत. गुंडाप्पा म्हणाला, मजा जाईल, पण भरवसा राहील.

पण घडलं उलटंच. एरवी असल्या पिक्चरला तिसाव्या मिनिटाला अर्धं गाव बिडी प्यायला बाहेर जायचं. त्या दिवशी माणूस हलला नाही. जो तो गाय कुठं बदलते ते धरायला टपून बसला होता. शिंगं, खूर, कास, सगळ्यांची नजर गाईवर. शिवपुत्र तर उभाच राहिला, मागच्यांनी त्याला ओढून बसवला. म्हातारी चालत होती, गाय चालत होती, डोंगर संपत नव्हता, आणि समाजमंदिरात पंख्याचा तेवढा आवाज.

बाजार झाला. परतीची वाट सुरू झाली. वाटेत एका पडक्या भिंतीच्या आडोशाला म्हातारी धार काढायला बसली. आधी तिनं गाईचे मागचे दोन्ही पाय दोरीनं बांधले.

“पाय बांधायली,” मथुरामावशी बोलली. हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “इकलीन की गं बया गाय. ही दुसरीच हाय.”

विष्णुपंतांनी मान वळवली. गुरुजींनी तिला गप राहायची खूण केली. पिक्चर पुढं सरकला. शेवटी म्हातारी घरी येते, घंटा वाजते, आंधळा नवरा दारात येतो. गाईच्या तोंडावरून हात फिरवतो. हात कपाळावर येऊन थांबतो. बराच वेळ थांबतो. मग तो काही न बोलता आत जातो आणि कडबा घेऊन येतो. काळोख.

खिडक्यांवरची पोती काढली. विष्णुपंत बोलायला उभे राहिले. त्यांनी या पिक्चरवर तीन-चार लेख वाचले होते. सगळ्यांनी एकच लिहिलं होतं: म्हातारीचा जीव गाईत गुंतलेला, तिला विकवत नाही, ती परत घेऊन येते. मायेचा विजय. नवरा गाय परत आली म्हणून गहिवरतो. दुसरी गाय हा केवळ निर्मितीतला दोष आहे, तो सोडून द्यावा.

“घरच्या गाईचे कुणी पाय बांधतंय का, अण्णा?” मथुरामावशीनं विचारलं. “जाताना काढली ती धार तिनं मोकळ्या पायानं काढली. हुंगून पान्हा सोडत हुती गाय. माघारी येताना हिचे पाय बांधले, तरी ही पान्हा चोरायली. त्या म्हातारीला ठाव हाय, गाय नवी हाय. चांगली इकली, हलकी घेतली, तिची घंटी हिला बांधली. घरच्याला दिसत न्हाय म्हणून.”

मग सगळे एकदम बोलायला लागले. विष्णुपंत म्हणाले, तसं असतं तर विकताना दाखवलं नसतं का. गुंडाप्पा तोवर प्रोजेक्टरपाशी गेला होता. त्यानं गुरुजींना बाजाराचा भाग परत लावायला सांगितला. तो ट्रक. ज्याच्याकडं कॅमेरा बघत बसतो आणि सगळ्यांना कंटाळा येतो तो ट्रक. उजेडात भिंतीवर फिक्कं दिसत होतं, म्हणून दोघांनी पोती धरली.

ट्रकच्या दोन फळ्यांच्या मधून एक शेपूट बाहेर लोंबत होतं. तांबडं, आणि खालचा गोंडा पांढरा.

“जातानाच्या गाईचा गोंडा पांढरा,” गुंडाप्पा म्हणाला. “येतानाच्या गाईचा लावा परत, काळा आसंल.”

लावला. काळा होता.

विष्णुपंत वही मिटून खाली बसले. मग त्यांनीच तो नवऱ्याचा हात परत लावायला सांगितला, आणि कपाळावर तो हात का थांबला ते आता कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. त्याला भोवरा सापडला नव्हता. तरीही तो आत जाऊन कडबा घेऊन आला होता.

तासभर वाद चालला. म्हातारीनं बरं केलं का, यावर शुभांगी आणि शिवपुत्र अडले. शिवपुत्र म्हणत होता, नवऱ्याला सांगून विकायची. शुभांगी म्हणाली, सांगितलं असतं तर त्यानं विकू दिली असती का, आणि मग वरच्या पैशाचं ते औषध कुठून आलं असतं, तुझ्या दुकानातून का. येताना म्हातारीच्या खांद्यावर पिशवी होती आणि पिशवीत बाटल्या वाजत होत्या, हे तिनं एकटीनं धरलं होतं. मथुरामावशी वादाला थांबली नाही. धारेची वेळ झाली होती.

जीपमधे बसायच्या आधी विष्णुपंत गुंडाप्पाजवळ आले. मोठ्या मनानं म्हणाले की, म्हणजे तुमची पहिली जबान खरीच निघाली, पिक्चरमधे फसवणूक नव्हती.

“न्हाय पंत. म्या एका गाईचा पिक्चर सांगितला हुता. तो पिक्चर हाच न्हाय. माझी जबान चुकली ती चुकलीच. आता नव्यानं देतो,” गुंडाप्पा म्हणाला आणि त्यानं तिथंच मोबाइल तोंडाशी धरला. तुळजापूरच्या ग्रुपवर त्याचा आवाज गेला: ‘आर्मेनियाचा पिक्चर. गाई दोन हायेत, आन् ते झाकलेलं न्हाय, दावलेलं हाय. माल सच्चा हाय. खोड एकच. ज्यानं जनावर पाळलं न्हाय त्याला अर्धाच दिसंल. हे मथुराबाईनं दावलं, म्या न्हाय.’

विष्णुपंतांनी पुढच्या वर्षासाठी त्याचं नाव पक्कं केलं आणि लगेच विचारलं, चैत्रात कुठला लावायचा, एखादं नाव सुचवा. गुंडाप्पाच्या डोक्यात एक होता, जपानचा, मोबाइलवर दोनदा बघितलेला, त्याच्या मते एक नंबर. पण त्यानं नाव घेतलं नाही.

“भिंतीवर बघितल्याबिगर सांगत न्हाय,” तो म्हणाला, आणि गुरुजींकडं वळला. “समाजमंदिराची चावी मंगळवारी माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. आन् मथुरामावशीला सांगून ठिवा, दुपारी पंखा लावणार हाव म्हणून.”