राहेलमावशीला परत घ्यायचं, पण कशाच्या आधारावर?

आमच्या ख्रिस्ती मंडळीत घरं बारा आणि तारणाबद्दलची मतं तेरा! कारण माझ्या पपांची, म्हणजे पाळकसाहेबांची, दोन आहेत. एक व्यासपीठावरचं, एक घरातलं. अशा माणसांत राहिलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. हैदराबादहून कॉलेजच्या सुट्टीत घरी यायचं, ओसरीवर बसायचं आणि कान उघडे ठेवायचे, बस्स!

दोन म्होरके आधी सांगते. दानीएलकाका निवृत्त मास्तर. माणूस केवळ विश्वासानं तरतो, हा त्यांचा पक्ष. याकोबमामा सुतार, सत्कृत्यांवाचून विश्वास म्हणजे तेलावाचून दिवा, हा त्यांचा. पपा मधे बसून म्हणतात, "सगळी देवाची कृपा." आणि चहा मागवतात. चहा करायचा मी!

*

एकदा हे तिघं तेर गावाहून बैलगाडीनं परतत होते. तेरणा नदीच्या वाळूत चाक रुतलं. दानीएलकाका म्हणाले, "आधी प्रार्थना करू." मामा म्हणाले, "आधी खांदा लावू." दोघांनी गाडीत बसूनच वचनांवर वचनं काढली. पपा डोळे मिटून बसलेले.

गाडीवान महादप्पा लिंगायत. बराच वेळ ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "मालक, तुमचं तारण मागनं बघा. आधी तिघं बी खाली उतरा. बैलं मरायलीत!"

*

आता राहेलमावशी. एकटी विधवा, छातीत कायमचा खोकला. तिच्या शेजारच्या आमिनाबीचा नातू तापानं फणफणला. आमिनाबीला चालवेना, म्हणून मावशीनं पोराला कडेवर घेतलं, दर्ग्यात नेलं, गंडा बांधून आणला. हे कुणीतरी पाहिलं. मंडळीच्या पंचांनी तिला आमच्या ओसरीवर बोलावून विचारलं, "ख्रिस्ताला सोडून तिकडं कशी गेलीस?"

मावशी म्हणाली, "पोरगं तिचं, दर्गा तिचा. पाय तेवढे माझे व्हते."

मी हसले. बाकी कुणी हसलं नाही. मावशीचं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि प्याला, बंद झालं! उपासनेला यायचं, पण दाराशी बसायचं. भाकरीची थाळी हातोहात फिरू लागली की ती आपला हात पदराखाली लपवते. मला एकदा म्हणाली, "बाय, हा खोकला काय मला लई दिस ठिवत न्हाय. जायच्या आधी एकदा तरी प्रभूच्या मेजाची भाकर मिळू दे."

*

दानीएलकाकांच्या घरचं ऐका. सलोमीकाकू भाकरी थापत होत्या आणि काका समोर बसून समजावत होते, "माणसाच्या हातच्या कृत्यानं काऽही साधत नाही." काकूंनी परातीतलं पीठ तसंच ठेवलं, हात धुतले आणि शेजारी जाऊन बसल्या.

दिवस मावळायला मी काही निरोप घेऊन गेले, तर काका स्वतः चूल फुंकतायत! डोळ्यांतून पाणी, मिशीला राख.

"काका, हे कृत्य नव्हे का?"

"हे कृत्य न्हाय," काका खोकत म्हणाले. "ही भूक हाय."

*

मामाही काही कमी नाहीत. आमच्या देवळातलं, म्हणजे चर्चमधलं, मोडकं बाक त्यांनी फुकट दुरुस्त केलं. रविवारी पपांनी प्रार्थनेत म्हटलं, "प्रभू, या बाकाबद्दल तुझे आभार." मंडळी आमेन म्हणणार, एवढ्यात मागून मामांचा आवाज आला, "बाक काय आभाळातनं पडलं व्हय?"

*

नाताळानंतर मावशीच्या बाबतीत पंच आमच्या ओसरीवर बसले. मामा म्हणाले, "तिला परत घ्या. पटकीच्या साथीत गावाची आजारी माणसं तिनंच उचलली." काका म्हणाले, "परत घ्याच, पण तिच्या विश्वासामुळं. सेवेच्या बदल्यात मेज द्यायचं, तर स्वर्गाचं दुकानच झालं!" पपा म्हणाले, "कृपेनं घ्या."

मी चहाचा ट्रे आपटला. "म्हणजे तिघांचंही हो आहे ना? मग घ्या की!"

"कारण ठरल्याबिगर कसं घेणार?" तिघंही एकदम! तेवढ्यापुरतं मात्र एकमत. वर काका पपांना म्हणाले, "पोरीला फार शिकवलंत, साहेब."

*

ते कारण काही ठरेना. दिवस असे, की चार माणसं मोठ्यानं बोलली तरी निजामाचे पोलीस दाराशी. एका बैठकीला खरंच एक जमादार आला. "कायका जलसा है?" पपांनी त्याला बसवून सगळं सांगितलं. तो दाढी खाजवत म्हणाला, "पादरीसाब, यो झगडा तो हमारे में भी चलताइच है. पन बुढिया को लेना है ना?"

"लेना है."

"फिर लडाई कायकू?"

मी विचारलं तेव्हा माझं शिक्षण निघालं होतं. त्यानं विचारलं, तर त्याला काकांनी आपल्या हातानं चहा दिला! कारण मात्र तरीही ठरलं नाही.

*

मग ईस्टर आला. मावशी दाराशी, नेहमीसारखी. खोकला इतका, की पदर तोंडात कोंबून बसलेली. ज्वारीच्या भाकरीची थाळी बाकाबाकावरून फिरत याकोबमामांपर्यंत आली. त्यांनी आपला तुकडा उचलला, पण तोंडात घातला नाही. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दाराकडं निघाले.

आमच्या देवळात प्रभुभोजनाच्या वेळी कुणी उठत नाही. कुणी शिंकतसुद्धा नाही! पपांनी डोळे उघडले.

मामा मावशीपुढं उभे राहिले. तुकडा पुढं केला. मावशीचा हात पदराबाहेर येईना.

"घे की," मामा म्हणाले.

"याकोब! थांब!"

दानीएलकाका उभे राहिले होते. मनुकांच्या रसाचा प्याला तेव्हा त्यांच्याच हातात आलेला. मीही उठले. काकांना काय काय सुनवायचं, ते ओठांवर तयारच होतं. पण काका माझ्याकडं न बघता, दोन्ही हातांनी प्याला सांभाळत, सगळ्या मंडळीसमोरून थेट दारापर्यंत गेले आणि मामांवर डाफरले,

"म्हातारीला नुसती कोरडी भाकर देतोस व्हय?"