बायकोचा खांदा आणि आठाचा आकडा

लाइनमनच्या नोकरीत मी एकच गोष्ट नीट शिकलो. सबस्टेशनवरून फोन येतो, "लाइन बंद केली, चढा." लगेच चढायचं नाही. आधी तारांवर अर्थिंगची साखळी टाकायची, स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायची, मगच हात लावायचा. माझ्या बरोबरीचे दोघं दुसऱ्याच्या शब्दावर चढले आणि स्वतःच्या पायांनी उतरले नाहीत. मी धडधाकट निवृत्त झालो. त्यामुळं बायको माझ्या संशयी स्वभावाला नावं ठेवते तेव्हा मी तिला सांगतो, याच स्वभावावर तुझं कुंकू टिकलंय. ती कामाला लागते.

आता आम्ही गावीच असतो, येरमाळ्यापासून एसटीनं अर्ध्या तासावर. मुलीचं लग्न झालं, मुलगा पुण्यात. घरात दोघंच. गेल्या दिवाळीनंतर बायकोचा उजवा खांदा आखडला. आधी नुसता ठणका होता, मग हात छातीच्या वर जाईना. ती भाकरी कशीबशी थापायची, पण केस विंचरायला हात मागं जाईना. दोन दिवस तिनं समोरच्या घरातल्या वहिनींकडून अंबाडा घालून घेतला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "रोज रोज कुणाच्या दारात जायचं? तुमीच बांधा."

मी आधी दार लावून घेतलं. बायकोची वेणीफणी करताना कुणी बघितलं असतं तर पारावर महिनाभर माझंच नाव चाललं असतं. तारांना पीळ देण्यात हयात गेली, तरी पहिला अंबाडा दुपारपर्यंतही टिकला नाही. पुढं जमलं. सकाळी चहा झाला की ती माझ्याकडं पाठ करून पाटावर बसायची आणि मी मुकाट्यानं विंचरायचो.

सोलापूरच्या हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, व्यायाम करा. पण उन्हाळ्यापर्यंत खांदा सुटला नाही तर भूल देऊन, जोर लावून हात फिरवावा लागेल. क्वचित त्यात हाड मोडतं, हेही त्यांनीच सांगितलं. येताना एसटीत बायको खिडकीबाहेर बघत राहिली आणि तामलवाडी गेल्यावर एवढंच म्हणाली, "मला तसलं न्हाय करायचं." भीती मलाही वाटत होती. तिचा हात आपसूक सुटावा, यापलीकडे त्या हिवाळ्यात मी देवाकडं काही मागितलं नाही.

संक्रांतीनंतर गावच्या समाजमंदिरात एक फिजिओथेरपीची मुलगी यायला लागली, मंगळवारी आणि शुक्रवारी. तिचं पुढचं शिक्षण चाललं होतं आणि परीक्षेसाठी ती सांधेदुखीच्या दोन पद्धती तपासून बघत होती. एकीत ती हातानं सांधा हळूहळू ओढून सैल करायची. दुसरीत कातडीवर रंगीत चिकटपट्ट्या लावून व्यायाम द्यायची. कुणाला कोणती पद्धत हे ती ठरवत नव्हती. बंद पाकिटं होती, आपण एक उचलायचं, आत निघेल ते आपलं.

मला तिथंच लबाडीचा वास आला. मी एक पाकीट उचलून उजेडात धरून बघितलं. आतलं काही दिसत नव्हतं, म्हणजे बंदोबस्त पक्का होता, आणि एवढा बंदोबस्त कशाला लागतो, हा माझा प्रश्न.

"मॅडम, दोनीतली चांगली कुठली?" मी विचारलं.

"ते माहीत नाही काका. तेच तर तपासायचंय."

डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसाच्या तोंडून 'माहीत नाही' मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. जिला माहीत नाही, तिच्या ताब्यात बायकोचा खांदा का द्यायचा? पण बायकोनं तोवर पाकीट उचललं होतं. तिला हातानं सैल करण्याची पद्धत निघाली. समोरच्या वहिनींचा गुडघा धरला होता, त्यांना पट्ट्या निघाल्या. मी म्हटलं, दोघींना दोन्ही द्या की, तुमचं काय जातं? तर म्हणे, मग कशानं बरं वाटलं ते कळणार नाही.

दर वेळी सुरुवातीला ती विचारायची, "शून्य ते दहात आज दुखणं किती?" शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. मग हात वर करायला सांगायची आणि शाळेतल्या कोनमापकासारख्या एका लांब पट्टीनं किती वर गेला ते मोजायची. दोन्ही आकडे वहीत. बायकोनं पहिल्या दिवशी आठ सांगितला. दुसऱ्या आठवड्यात आठ. चौथ्या आठवड्यात सात म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं, पण होळीच्या सुमारास पुन्हा आठ झाला आणि तो तिथंच बसला.

मी कुणाच्या वहीवर विसंबणारा नव्हे. स्वयंपाकघराच्या भिंतीला बायकोला उभी करायचो, हात वर करायला लावायचो आणि बोटं पोचतील तिथं पेन्सिलीनं रेघ मारायचो. रेघा एकावर एक पडत होत्या, वर काही सरकत नव्हत्या. पुरावा हातात होता. दोन महिने ही पोरगी सांधा ओढते आहे आणि फरक सूतभरही नाही.

त्याच दिवसांत घरातही काहीतरी चाललंय असं मला वाटायला लागलं. वरच्या फळीवरचा डाळीचा डबा एक दिवस खाली ओट्यावर दिसला. बायकोचा हात तिथं पोचत नव्हता आणि मी काढला नव्हता. मी समोरच्या वहिनींवर संशय घेतला. मी बाहेर गेल्यावर या बाईचं आमच्या स्वयंपाकघरात काय काम? बायकोला विचारलं तर म्हणाली, "डाळ तर घरातच हाय ना? मग?" मी वहिनींवर नजर ठेवली.

एका मंगळवारी त्या मुलीनं बायकोचा खांदा हातात धरून दोन-तीनदा फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काकू, माझ्या हाताला सांधा बराच मोकळा लागतोय. खरंच एवढं दुखतं?"

"दुखतंय की," बायको खाली बघत म्हणाली. "आठ."

"ठीक आहे. तुम्ही सांगाल तेच लिहिणार."

मी पडद्याशेजारच्या खुर्चीवरच होतो. माझे कान टवकारले. हिला मोकळा लागतोय म्हणजे हिला मोकळा लिहायचाय. आज विचारून बघितलं, उद्या आमच्या माघारी आठाचा दोन करणार, परीक्षा पास होणार आणि आमची बाई सोलापूरच्या टेबलावर. घरी येऊन मी सोलापूरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि भूल देऊन हात फिरवायची, चैत्री पौर्णिमेनंतरची तारीख घेतली. बायको म्हणाली, "येडाईची यात्रा होऊ द्या, मग बघू." मला तिची दया आली. ती मरण पुढं ढकलतेय असं वाटलं.

दहाव्या आठवड्यात शेवटची मोजणी होती. समाजमंदिरात वीसेक बाया आणि पाचसहा पुरुष बसले होते. बायकोनं आठ सांगितला, हात खांद्याच्या रेषेत नेऊन थांबवला आणि मी उठलो. आधीच बोलायचं ठरवून गेलो होतो.

"मॅडम, आमच्या बायामानसांची हाडं काय तुमच्या शिकायसाठी हायत का? दहा आठवडे झाले. फरक काय? आन मागच्या मंगळवारी तुमी सांधा मोकळा झाला म्हणत व्हता. वहीत काय लिवलंय ते समद्यांपुढं दाखवा. तुमी आकडे बदलणार, म्या आत्ताच सांगतो. खोटारडं काम हाय हे समदं."

मुलीचा चेहरा पडला. तिनं वही माझ्याकडं फिरवली. आठ, आठ, सात, आठ, सगळं बायकोनं सांगितलं तसंच होतं. "काका, आकडे तुमच्याच घरचे आहेत," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिनं सामान आवरायच्या निमित्तानं पाठ फिरवली. मी बाकीच्यांकडं बघितलं. सगळ्या बाया मान खाली घालून पदराशी चाळा करत होत्या. सगळ्या माझ्या बाजूनं आहेत, असाच मी त्याचा अर्थ लावला आणि ताठ मानेनं घरी आलो.

पुढच्या आठवड्यात येरमाळ्याच्या येडाई देवीची यात्रा. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी निघते आणि चुन्याच्या रानात माणसं चुनखडीचे पाच पाच खडे वेचून ढिगावर टाकतात. उन्हानं रान पांढरंफेक दिसत होतं. गर्दीत धक्का लागून बायकोचा खांदा दुखावेल म्हणून मी तिच्या उजव्या बाजूनं चालत होतो. समोरच्या वहिनी आणि गावच्या आणखी चारपाच जणी बरोबर होत्या. बायकोनं वाकून पाच खडे वेचले. ढिगाभोवती माणसांचं कडं होतं. ती टाचा उंचावून उभी राहिली आणि उजवा हात कानाला लावून सरळ डोक्यावर नेत तिनं पहिला खडा लोकांच्या डोक्यांवरून ढिगावर भिरकावला. मग दुसरा. मग तिसरा.

मी तिचा तोच हात धरला. "हे काय गं?"

"हात," ती म्हणाली. "सोडा, दोन खडे ऱ्हायलेत."

पाच पुरे केल्यावर तिनं ढिगाला हात जोडले, रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसली आणि सांगितलं. खांदा होळीच्या आधीच सुटला होता. दुखायला लागला तेव्हाच ती येडाईला नवस बोलली होती, की बरं वाटलं तर याच हातानं तुझ्या ढिगावर खडे टाकीन, आणि तोवर कुणाला सांगणार नाही.

"दुखणं गेलं हे आधी आईच्या कानावर घालायचं, मग मानसाच्या. आधीच तोंडानं बोललं की दुखणं माघारी येतंय."

"आमचं बी तेच, भाऊजी," समोरच्या वहिनी म्हणाल्या. "माजा गुडघा कवाचाच मोकळा झालाय. पर बोलाय न्हाय पायजे ना. डाळीचा डबा तिनंच काढला व्हता, तुमी उगं माज्याकडं बघत व्हता."

बाकीच्या जणींनीही माना डोलवल्या. म्हणजे सगळ्याच. अख्खं समाजमंदिर कित्येक आठवडे त्या मुलीला खोटे आकडे देत होतं आणि आपण खोटं बोलतोय असं एकीलाही वाटलं नव्हतं.

"म्या त्या पोरीला खोटारडी म्हनत व्हतो तवा तरी बोलायचं!"

"लई वाईट वाटलं वो," बायको म्हणाली. "पर तवा बोलले असते तर समदं वाया गेलं असतं. आठच दीस ऱ्हायले व्हते."

"आन रोज सकाळी माज्यापुढं पाटावर बसत व्हतीस ते? हात चांगला असून?"

ती पदरानं हातावरचा चुना पुसायला लागली. वहिनी बाकीच्यांना घेऊन रसवंतीकडं गेल्यावर म्हणाली, "तेवढाच येळ तुमी कुनावर संशय घेत न्हाय."

मला राग यायला हवा होता. आला नाही. लाज वाटली, आणि ती बायकोची नव्हे.

त्या शुक्रवारी मुलगी निरोप घ्यायला शेवटची येणार होती. मी घरोघर जाऊन बायांना बोलावून आणलं, कारण अपमान चारचौघांत केला होता तर माफीही चारचौघांत मागायला हवी होती. मी मागितली. मग बायकोनं सगळं सांगितलं आणि हात छताकडं नेला. मुलीनं पट्टी लावून तीनदा मोजलं. आधी ती खुदकन हसली, मग बाकावर बसून वहीकडं बघत राहिली.

"काकू, आज दुखणं किती?"

"शून्य. आता बिनघोर लिवा."

"आन मागचं बी दुरुस्त करा," मी म्हणालो. "होळीपासनं शून्य धरा. म्या सही देतो, या समद्याजणी देतील."

"मोजणी दहाव्या आठवड्यात संपली, काका. आजचं मी शेवटी वेगळं लिहीन, का लपवलं तेही लिहीन. पण निकालात आठच धरला जाणार."

"म्हंजी तुमची पद्धत नापास?"

"या वहीत तरी."

"अवं पर तिचा हात बरा झालाय! तुमीच केलाय! तो आठ खोटा हाय, खोडा की तो!" मी हात जोडून उभा होतो, खिशातलं पेन काढून तिच्यापुढं धरलं होतं.

तिनं पेन घेतलं नाही. "मी आकडे बदलीन असं तुम्ही सगळ्यांपुढं म्हणाला होतात," ती म्हणाली आणि वही मिटली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.