मिटलेलं पातं आणि दसऱ्याचा कोहळा

अमेरिकेहून येणाऱ्या माणसानं चॉकलेटं आणावीत, फार तर म्हाताऱ्यांसाठी गुडघ्याला चोळायचं मलम आणावं. माझ्या चुलत भावानं बाणांची टोकं आणली. ओटीवर बसून त्यानं डबी उघडली, आणि गेली कितीतरी वर्षं माझ्या कुठल्याही वस्तूकडे मान वळवून न पाहिलेले माझे वडील चष्मा शोधायला उठले.

तिथूनच माझं पोट दुखायला लागलं.

आमचं गाव किन्हवलीच्या पुढं. माझं शहापूरला हार्डवेअरचं दुकान आहे, पण घर गावातच, भातशेतीही थोडीफार. वडिलांना आम्ही सगळे बा म्हणतो. दुकानातून मी बांना काय काय आणून दिलंय. स्टेनलेसचा कोयता आणला, त्याला ते अजून 'पत्रा' म्हणतात. चार्जिंगची बॅटरी आणली, ती त्यांनी गोठ्यात टांगली, म्हशीला उजेड नको म्हणून बंदच ठेवून. आणि इथं ही बोटाएवढी टोकं त्यांनी अशी तळहातावर घेतली, जशी बारशाला पोरगी घेतात.

आता मूळ मुद्दा सांगतो, म्हणजे माझा जळफळाट का, ते कळेल. आमच्या घरात दसऱ्याला गावच्या शिवेवर कोहळा ठेवून त्याला एक तीर मारायची रीत आहे. तीर एकच, आणि तो आरपार नाही तरी आत रुतला पाहिजे. पूर्वी म्हणे आमच्यातले लोक रानात डुकरामागं जायचे. आता रानातल्या कशावरही तीर उचलायला कायद्यानं बंदी आहे, आणि ते बरंच आहे. कोहळ्यावर भागतं. कोहळा पळत नाही, तरी माझ्या आजोबांचा एकदा चुकला होता, आणि त्या वर्षी गावात जे जे वाईट झालं ते सगळं त्यांच्या नावावर जमा झालं.

आजोबांनंतर मान बांचा. यंदा गणपतीत मात्र आरती झाल्यावर ते म्हणाले, "औंदा कामठा दुसऱ्याच्या हातात द्यावा लागंल. माझा हात लटपटतो."

तीरकामठ्यातला कामठा म्हणजे धनुष्य. आणि दुसऱ्याच्या म्हणजे माझ्याच. घरात मुलगा मी एकटा, त्यात विचारायचं काय? मी दुसऱ्याच दिवसापासून, बांबू वाकवून बांधलेल्या कामचलाऊ कामठ्यानं, गोठ्यामागं सराव सुरू केला. युरियाच्या गोणीत पेंढा कोंबला, गोणी फणसाला टेकवली. गोणी सोडून सगळ्याला तीर लागले. मांडवावरचा दुधी पडला तेव्हा बायको खिडकीतून म्हणाली, "कोहळ्याच्या आधी दुधीचा दसरा झाला म्हणायचा. आता भोपळ्याला सांगून ठेवते, लपून बस."

तरी मी चिकाटी सोडली नाही. पोट सुटलेल्या माणसाला चिकाटीशिवाय दुसरं काय असतं?

आणि दसऱ्याच्या पंधरवडाभर आधी हा आला. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान, म्हणून मला दादा म्हणतो. अजून पोट सपाट. त्याचे वडील, म्हणजे माझे काका, लवकर गेले. शिक्षण आमच्याच घरात राहून झालं, मग नोकरी, मग अमेरिका. तिकडं थंडीच्या आधी रीतसर परवाना काढून हरणाची शिकार करतात म्हणे, आणि काही जण बंदुकीऐवजी धनुष्यानं. हा त्या काही जणांतला.

"काका, हे दोन प्रकार बघा," तो बांना सांगत होता. "ह्याची पाती कायम उघडी. पक्की बसवलेली. आणि ह्याची मिटलेली असतात. बाण लागला की उघडतात."

"छत्रीगत?" बा म्हणाले.

"तसंच."

बांनी मिटलेलं टोक घेतलं, नखानं पातं उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दुपारी जेवताना ते डाव्या हातात होतंच. संध्याकाळी शेजारच्यांना दाखवून झालं. "बघ रे, आत शिरल्यावर पसरतं. केवढं डोकं चालवलंय." मी म्हणालो, "बा, बोट कापंल." तर म्हणाले, "तुझा पत्रा नाय तो."

मिटलेलं टोक बांना आवडलं, म्हणून मी त्या क्षणापासून पक्क्या पात्याच्या बाजूचा झालो. मला त्यातलं काडीचंही कळत नव्हतं. पण हार्डवेअरवाल्याला बिजागरीबद्दल मत असतंच. मी सांगून टाकलं, "जिथं बिजागरी तिथं बिघाड."

भाऊ मान हलवून म्हणाला, "दादा, तिकडंपण हाच वाद आहे. मिटलेलं सरळ जातं, वाऱ्यानं ढळत नाही, आणि जखम रुंद होते, म्हणून जनावर लवकर पडतं. पक्कं टोक घ्यायचं तर धनुष्य नीट जुळवून घ्यावं लागतं, नायतर तीर भरकटतो. पण त्यात उघडायचं-बिघडायचं काही नसतं. मला ह्या सीझनला ठरवायचंय. म्हटलं, काकांना विचारू."

काकांना विचारू! सातासमुद्रापलीकडच्या हरणासाठी किन्हवलीच्या पुढच्या म्हाताऱ्याचा सल्ला. आणि मी इतकी वर्षं पंप कुठला घ्यावा, मोटर कुठली बसवावी, हे बांना विचारून विचारून दमलो, तर उत्तर एकच: "तुझं दुकानाय, तुला ठावं."

मग रोज ओटीवर दोघांची बैठक. बांनी माळ्यावरून दसऱ्याचा जुना कामठा काढला, बोरूचे तीर काढले. लाख वितळवून, दोऱ्यानं गुंडाळून दोन्ही टोकं दोन तीरांना बसवली. बांचा हात लटपटतो म्हणून दोरा भाऊ धरायचा. मी दुकानातून आल्यावर बायको चहा ठेवायची आणि ओटीकडे बोट करून म्हणायची, "कारखाना चालूच हाय. तुमाला घेतील का बघा, हमाल म्हणून."

आमच्या वेलीवरचा कोहळा वानरांनी फोडला होता. दसऱ्यासाठी नवा आणायला मी आणि भाऊ माझ्या मोटरसायकलवर मुरबाडच्या बाजारात गेलो. चांगला पांढरी भुकटी आलेला कोहळा मिळाला. तो मांडीवर घेऊन भाऊ मागं बसला, आणि परतीच्या वाटेवर एका टपरीवर थांबलो तेव्हाही त्यानं तो खाली ठेवला नाही.

"दादा, एक सांगू?"

"सांग."

"मागच्या सीझनला एक हरीण लागलं मला. पहिलंच. आधी कधी लागलंच नव्हतं. जरा तिरकं उभं होतं. मी मिटल्या पात्याचा तीर सोडला. लागल्याचा आवाज आला, आणि ते पळालं. पानांवर थोडं रक्त दिसलं, मग थांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधलं आमी. नाय मिळालं."

मी चहा ढवळत राहिलो. त्यात साखर विरघळून केव्हाची झाली होती.

"फासळीवरून सरकलं असंल, पाती उघडलीच नसतील, काय माहीत. कुठंतरी पडून राहिलं असंल ते. तेव्हापासून धनुष्य गॅरेजमध्ये टांगलंय. त्यात खांदा दुखतो म्हणून धनुष्याचा जोरपण कमी करून घेतलाय. आता जायचं तर हे नक्की करून जायचं, नायतर विकून टाकायचं सगळं."

त्याचा चेहरा उतरला होता. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण वाईट वाटायच्या खालोखाल, चहाच्या गाळासारखं, दुसरंही काही तळाशी बसलं होतं. म्हणजे ह्यानं आयुष्यात एकही हरीण घरी आणलेलं नाही! आणि माझा बाप गावभर सांगत फिरतोय, आमचा पोरगा अमेरिकेत शिकारी हाय म्हणून.

घरी आल्यावर भाऊ अंघोळीला गेला. मी बांजवळ टेकलो. आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

"बा, तो काय शिकारी-बिकारी नाय हां. एकच हरीण लागलंय त्याला, तेपण हरवलं."

बा तीराला दोरा गुंडाळत होते. वर न बघता म्हणाले, "ठावं हाय. आल्याच्या दुसऱ्या दिशी सांगितलं त्यानं."

"मग तू लोकांना काय सांगत फिरतोस?"

"ते लोकांना सांगायचं ऱ्हातं. तुला त्यानं आज सांगितलं?"

"हो."

"आणि तू लगेच मला सांगाया आलास."

मी म्हणालो, कोहळा कुठं ठेवू?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी बांनी परसातली एक केळ तोडायला लावली. घड उतरवलेली होती, तशीही जाणारच होती. खांब फणसाला टेकवून उभा केला आणि भावाला म्हणाले, "मार. आधी हे छत्रीवालं."

बांना तेच जिंकायला हवं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. भावानं कामठा ओढला. आमचा बांबूचा कामठा त्याच्या खांद्याला झेपला. तीर केळीत गेला. बा लगबगीनं पुढं गेले, तीर हलवून हलवून काढला, आणि बघतात तर पाती मिटलेलीच. सासरी आल्या दिवशी नवी नवरी बसते तशी, अंग चोरून.

"उघडलं नाय," बा म्हणाले. रुसलेल्या पोराचा आवाज.

"काका, ह्या कामठ्याला तेवढा जोर नाय. जोर कमी केला तरी माझं धनुष्य ह्याच्याहून जोरकस आहे. त्यात उघडतं."

"आता तिरकं बघू," म्हणून बांनी स्वतः खांब वळवून कलता केला. भावानं पुन्हा मारला. तीर सालीवरून सरकला आणि माझ्या सरावाच्या गोणीत जाऊन घुसला. इतक्या दिवसांत त्या गोणीला लागलेला तो पहिला तीर.

बा तीर उचलून भावाजवळ गेले. "तुझ्या जोरकस धनुष्यात तरी त्या दिशी उघडलं का रे?"

भाऊ खांबाच्या सालीवरचा ओरखडा बोटानं चाचपत राहिला.

मग पक्क्या पात्याचा तीर. सरळ गेला. तिरक्या खांबात वाकडा का होईना, रुतला. बांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं आवडत्या घोड्यानं शर्यत हरल्यावर दुसऱ्या घोड्याकडे बघतात.

"हेच घे," ते म्हणाले. "दिसाया बावळट हाय, पण ह्याला लागल्यावर काय ठरवावं लागत नाय. आणि जनावर तिरकं असंल तर सोडूच नको. हात खाली घ्यायचा, घरी यायचं."

"मी पहिल्यापासून तेच म्हणतोय," मी म्हणालो. "बिजागरी…"

कोणी ऐकलं नाही. गोठ्यातून म्हैस ओरडली, तिच्याकडे मात्र सगळ्यांनी बघितलं.

बा कामठा भावाच्या हातात तसाच राहू देत म्हणाले, "उद्याचा तीर तू मार."

मी केळ तोडलेला कोयता खांबात रोवून उभा होतो. भाऊच म्हणाला, "काका, दादाचा मान आहे."

"त्याचा मान कुठं जातोय? तो हितंच हाय. तुला एक तीर नीट रुतलेला बघायचाय, म्हणून तर आलास ना तू येवढ्या लांबून?"

त्या रागात मी दुकानात जाऊन दिवसभर गिऱ्हाइकांना चुकीच्या मापाचे नळ दिले.

दुसऱ्या दिवशी शिवेवर सगळं गाव होतं. पूजा झालेला कामठा भावाच्या हाती मीच दिला, कारण तो द्यायचं काम घरच्या माणसाचं. कोहळा दगडावर ठेवायचं कामही माझंच. तो डुगडुगत होता. मी खाली सपाट खापरी सरकवली. नीट बसवला. ती खापरी मी का सरकवली, हे मला अजून कळलेलं नाही. डुगडुगता ठेवला असता तरी कोणाला दिसलं नसतं.

तीर कोहळ्यात असा रुतला की पाणी गळायला लागलं. लोकांनी हात जोडले. भाऊ तिथंच उभा राहिला, कामठा खाली घ्यायचाही विसरला. बा त्याच्याजवळ जाऊन पाठीवरून हात फिरवत राहिले. माझ्या पाठीवरून असा हात कधी फिरला होता, ते आठवायचा प्रयत्न मी करत होतो. दहावीला? नाही, तेव्हा तर काठी होती.

भाऊ गेल्यावर एका सकाळी मी दुकानाला निघालो, तर बा सुतळी घेऊन दारात उभे.

"सरळ उभा ऱ्हा."

"का?"

"कामठा माणसाच्या मापाचा लागतो. तो जुना माझ्या मापाचा. तुझा भाऊ माझ्याच उंचीचा, म्हणून त्याला चालला. तू तुझ्या आईवर गेलास, ताडमाड. थंडीत अवसेकडच्या अंधाऱ्या पाखात बांबू तोडू, म्हणजे कीड लागायची नाय." त्यांनी सुतळी माझ्या टाचेखाली दाबली आणि हनुवटीपर्यंत ओढली. ती मध्ये पोटावर अडली. "हे आत घे."

मी श्वास आत घेतला. लटपटत्या हातानं बांनी सुतळीला गाठ मारली.

"त्याचं पण माप घेऊन ठेवलंय मी," ते म्हणाले. "दोन बांबू तोडू."

मी श्वास सोडला. गाठ हनुवटीवरून खाली घसरली.